मुलांचे फोटो सारखे फसतात? मोबाइल बदलण्याआधी हे तपासा

साताऱ्यात माझा फोटो छापण्याचा व्यवसाय आहे. वाढदिवसाचा अल्बम, आजी-आजोबांच्या घरी लावायची फ्रेम, बारशाचं फोटोबुक अशी कामं रोज येतात. बहुतेक फोटो घरच्याच कुणीतरी मोबाइलवर काढलेले असतात. सोबत सूचनाही ठरलेल्या: ‘जरा उजळ करून द्या’, ‘तेवढं हललंय ते नीट होईल का?’, ‘मागची खुर्ची काढता येईल?’ उजळ होतो, खुर्चीही निघते. पण हललेला चेहरा स्थिर होत नाही आणि कळकट उजेडातल्या डोळ्यांत मागाहून चमक येत नाही. ते काम बटण दाबायच्या आधीचं आहे. त्यात मोबाइलचा दोष क्वचितच निघतो. उजेड कुठून येतोय आणि फोटो काढणारा कुठे उभा आहे, या दोन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं. म्हणून खाली दिलेल्या तपासणीच्या यादीत मोबाइल बदलण्याचा विचार शेवटी येतो.

आधी लक्षणं बघा

फसलेला एखादा फोटो मोबाइलवर उघडा, बोटांनी मोठा करा आणि यातलं काय दिसतंय ते ठरवा.

– सोफा, फरशी, पडदा स्वच्छ आहेत, पण मुलाचे हात-तोंड एका दिशेने ओढल्यासारखे दिसतात. मूल हललं आणि शटर (फोटो घेताना कॅमेरा जेवढा वेळ उजेड आत घेतो तो) हळू होतं.

– सगळंच एका दिशेने ओढलेलं आहे. तुमचा हात हलला.

– मूल मऊ-मऊ, अस्पष्ट. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख मात्र वाचता येते. फोकस चुकीच्या जागी लागला.

– सगळ्या फोटोवर दुधी पडदा, दिव्यांभोवती वलयं किंवा रेघा. लेन्सची काच मळलेली आहे.

– खिडकी पांढरी, चेहरा काळा. उजेड मुलाच्या मागून आला.

– चेहरा पांढराफटक, कपाळ चमकतंय, मागे काळोख. फ्लॅश.

– डोकं मोठं, पाय आखूड, मूल वर मान करून बघतंय. तुम्ही उभे होतात.

– फोटोवर आडवे काळपट पट्टे. घरातल्या एलईडी दिव्यांचा खेळ.

– फोटो तांत्रिकदृष्ट्या ठीक आहे, पण मूल ओळखू येत नाही. ओठ ताणलेले, डोळे रिकामे, हात शरीराला चिकटलेले.

– मोबाइलवर सुरेख दिसतो, छापला की फुटतो.

आता त्याच फोटोचा तपशील उघडा. बहुतेक मोबाइलमध्ये फोटो वर सरकवला की तारखेखाली शटरचा आकडा दिसतो: १/२५, १/६०, १/५०० असा. हा आकडा बघायची सवय लावून घ्या, कारण अर्ध्याहून जास्त निदान तिथेच होतं. हिशेब सोपा आहे. घरात धावणारं मूल सेकंदाला साधारण दोन मीटर जातं असं धरू. शटर १/३० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात मूल जवळजवळ सात सेंटीमीटर सरकतं. १/५०० असेल तर फक्त चार मिलिमीटर. सात सेंटीमीटर म्हणजे चेहऱ्याची अर्धी-अधिक रुंदी. ‘कॅमेरा हललेला नाही, मी घट्ट धरला होता’ असं लोक सांगतात आणि ते खरंच असतं. मूल धरलेलं नव्हतं, एवढंच.

१. काच पुसा

याला काही खर्च नाही आणि वेळही लागत नाही, म्हणून पहिलं हेच. मोबाइल दिवसभर खिशात, पर्समध्ये आणि मुलांच्या हातात असतो. त्या हातांना तूप, बिस्किटाचा चुरा, आंब्याचा रस यांतलं काही ना काही लागलेलं असतंच. लेन्सवर तेलाचा पातळ थर बसला की समोरून येणारा उजेड पसरतो आणि काळे भाग राखाडी होतात. खिडकीकडे तोंड करून काढलेल्या फोटोत हे जास्त दिसतं. धुतलेलं मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड घ्या, तोंडाची वाफ द्या, हलक्या हाताने पुसा. पुसल्यावरही एकाच जागी डाग राहिला, तर तो काचेच्या आत आहे. खाली ‘थांबा’ म्हटलंय तिथे त्याविषयी लिहिलं आहे.

२. मूळ फोटो हातात आहे ना?

छापल्यावर फुटणाऱ्या फोटोंची तक्रार इथेच संपते. मावशीने काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तिथून घरच्या ग्रुपवर गेला, तिथून माझ्याकडे. मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो, माझ्यापर्यंत शे-दोनशे केबी उरतात. ४×६ इंचांच्या चांगल्या प्रिंटला १२००×१८०० पिक्सेल लागतात, ते बरेचदा कसेबसे भागतात. १२×१८ इंचांच्या फ्रेमला मात्र निदान २४००×३६०० हवेत, आणि तिथे गालावर चौकोन दिसायला लागतात. ज्याने फोटो काढला त्याच्याच मोबाइलमधून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवला की फोटो जसाच्या तसा येतो. स्क्रीनशॉट काढून छापायला आणू नका.

३. चार गोष्टी बंद करा

पहिली ब्यूटी किंवा त्वचा गुळगुळीत करणारी सेटिंग. काही मोबाइलवर ती आधीपासूनच चालू असते. तिच्यामुळे गालावरची तीट, हनुवटीखालची लाळ पुसल्याची लाली, कपाळावरचे बारीक केस सगळं सपाट होतं. वीस वर्षांनी तुम्ही जे शोधाल तेच ती पुसून टाकते.

दुसरी नाइट मोड. तो सेकंदभर किंवा जास्त वेळ अनेक फोटो घेऊन एकत्र करतो. देवळाच्या दीपमाळेला उत्तम, दीड वर्षाच्या मुलाला निरुपयोगी. तिसरी पोर्ट्रेट मोड. मागचा भाग धूसर करताना तो जावळाचे केस, कानाची कड, हातातलं खुळखुळं कापतो. आणि चौथी, बोटांनी ओढून केलेला झूम. दोन पावलं पुढे जाणं त्याहून केव्हाही चांगलं.

फ्लॅश तर बंदच ठेवा. तो लेन्सला चिकटून समोरून येतो, त्यामुळे नाक, गाल, खळी यांच्या सावल्याच पडत नाहीत आणि चेहरा सपाट होतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथाई होतो. म्हणून पुढचं मूल पांढरंफटक आणि मागे बसलेली आजी काळोखात.

फ्लॅशचा विषय निघालाय तर एक गोष्ट इथेच सांगायला हवी. फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांच्या बाहुल्या लाल दिसणं नेहमीचं आहे. पण एकच बाहुली वेगवेगळ्या फोटोंत पुन्हापुन्हा पांढरी किंवा पिवळसर चमकत असेल, तर तो फोटोचा दोष समजून खोडू नका. कधी कधी तो नुसत्या कोनाचा परिणाम असतो. पण मुलांचा मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असाच दिसतो, आणि त्यात लवकर उपचाराला फार महत्त्व आहे. ते फोटो घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा. असे डोळे एडिट करून काळे करायला कुणी आलं, तर मी आधी त्यांना हे सांगतो.

४. खिडकी शोधा

एवढी एकच गोष्ट केलीत तरी पुढच्या महिन्याचे फोटो वेगळे दिसतील. आपले डोळे अंधाराला इतके पटकन सरावतात की हॉलमध्ये ट्यूब लावली की आपल्याला वाटतं लख्ख उजेड आहे. मोजलं तर बैठकीच्या खोलीत रात्री शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात. बाहेर दिवसा झाडाच्या सावलीत दहा हजारांच्या आसपास, उन्हात लाखाच्या घरात. ट्यूबखाली मोबाइलला शटर जास्त वेळ उघडं ठेवावंच लागतं, आणि तेवढ्यात मूल सात सेंटीमीटर जातं. वरच्या लक्षणांतली पहिली तीन इथे एकदम कमी होतात.

करायचं असं. दिवसा, थेट ऊन येत नाही अशी खिडकी किंवा बाल्कनीचं दार निवडा. उत्तरेकडची मिळाली तर फारच छान, तिथला उजेड दिवसभर मऊ राहतो. ऊन आत येत असेल तर पांढरा पडदा किंवा जुनी पांढरी चादर लावा. मुलाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर खेळायला बसवा, म्हणजे उजेड त्याच्या एका बाजूने आणि थोडा समोरून येईल. तुम्ही खिडकीला पाठ लावून किंवा तिच्या कडेला बसा. तुमचं तोंड खिडकीकडे आणि मुलाची पाठ खिडकीकडे, असं होऊ देऊ नका. चेहरा काळा पडतो तो त्यामुळे.

जमलं की नाही हे ओळखायची खूण मुलाच्या डोळ्यांत असते. बुबुळाच्या वरच्या भागात खिडकीचा लहानसा चौकोन चमकताना दिसला की उजेड बरोबर आहे. तो ठिपका नसेल तर फोटो छापताना डोळे निस्तेज येतात, आणि मग लोक म्हणतात, ‘प्रिंट डल आलीय.’

खोलीतली ट्यूब आणि पिवळा दिवा दोन्ही बंद करा. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला की एक गाल निळा, एक केशरी होतो. तो रंग मागाहून सुधारताना कपड्यांचा रंग बिघडतो. सावलीकडचा गाल फार काळा पडत असेल तर स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा कार्डशीट त्या बाजूला उभा धरा. या सगळ्यात पैसे मोजावे लागतील ते एवढेच.

गावाकडे घर असेल तर पडवी किंवा ओसरी सोडू नका. वर छप्पर, एका बाजूने उघडं आकाश, समोर सारवलेलं किंवा फरसबंद अंगण. स्टुडिओवाले हजारो रुपयांचे दिवे लावून जो उजेड बनवतात तो तिथे आयता असतो. भर दुपारी अंगणात उभं करून काढलेल्या फोटोत डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. त्याच मुलाला चार पावलं आत, उंबऱ्यापाशी घ्या.

५. खाली बसा

उभ्या माणसाचे डोळे पाच फुटांवर, दोन वर्षांच्या मुलाचे जेमतेम अडीचवर. वरून काढलेल्या फोटोत टाळू आणि फरशी जास्त येते, मूल कमी येतं. त्यात मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची, त्यामुळे जवळ असलेलं डोकं मोठं आणि लांब असलेले पाय बारीक दिसतात.

आई-वडिलांच्या लहानपणचे स्टुडिओतले किंवा कुणा हौशी काकांनी काढलेले काळे-पांढरे फोटो घरात असतील तर काढून बघा. त्यांतली मुलं बरेचदा तुमच्याकडे सरळ बघतात. याशिका किंवा रोलायफ्लेक्ससारख्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात वरून खाली, काचेत बघायचं असे. कॅमेरा पोटाशी धरला जाई, म्हणजे आपोआपच मुलाच्या उंचीला. शिवाय एका रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळे प्रत्येक वेळी थांबून बघितलं जाई. आज ही उंची आपल्याला मुद्दाम आणावी लागते.

मांडी घाला, उकिडवे बसा, रांगत्या बाळासाठी सरळ पालथे पडा. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. गुडघे दुखत असतील तर मोबाइल उलटा धरा. लेन्स खालच्या बाजूला येते आणि तुम्हाला तेवढं कमी वाकावं लागतं, फोटो मात्र सरळच दिसतो.

आणि फार जवळ जाऊ नका. हातभर अंतरावरून काढलं की नाक फुगतं. पाच-सहा फूट मागे सरका आणि मोबाइलमध्ये दुसरी लेन्स असेल तर २× वापरा. ती खरी लेन्स आहे की नुसता कापलेला फोटो, हे मोबाइलवर अवलंबून असतं, पण चेहऱ्याचं प्रमाण दोन्हींत सुधारतं, कारण ते अंतराने ठरतं.

६. मागे काय आहे?

दोरीवरचे कपडे, पाण्याचे कॅन, टीव्हीची वायर, कुणाचा तरी कोपर. एक पाऊल डावी-उजवीकडे सरकलात की यातलं बरंचसं मुलाच्या मागे दडतं. डोक्यातून खांब किंवा दाराची चौकट उगवत नाही ना, तेवढं बघा. पण सगळं साफ करू नका. भिंतीवर उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा, मोडका घोडा, आजीची पितळी पानाची पेटी राहू द्या. अल्बम बघताना लोकांचं बोट अशाच गोष्टींवर जाऊन थांबतं.

७. ‘इकडे बघ, हस ना’ थांबवा

सगळ्यात अवघड भाग हा आहे, आणि त्याला ना पैसे लागतात ना सेटिंग.

मुलाभोवती चार माणसं उभी असतात. आई म्हणते इकडे, आत्या टाळ्या वाजवते, काका मागून ‘भॉक’ करतात. मूल चौघांकडे बघतं आणि मग शिकवलेलं हसू काढून दाखवतं. तीन-चार वर्षांचं झालं की ते हसू पक्कं होतं आणि प्रत्येक फोटोत तेच येतं. अशा मुलांच्या आया मला सांगतात, ‘एरवी किती गोड दिसते, फोटोतच अशी येते.’ कॅमेरा निघाला की तिच्याकडून काहीतरी मागितलं जातं, हे तिला कळलेलं असतं.

तिला काम द्या. मटार सोलायला बसवा, कणकेचा गोळा द्या, तुळशीला पाणी घालायला सांगा, बाबांच्या चपला घालू द्या. मोबाइल हातात घेऊन पाच-दहा मिनिटं नुसतं जवळ बसून राहा. पहिल्या दोन मिनिटांत ती तुमच्याकडे बघेल, मग विसरेल. पुढे काम करताना जीभ ओठांच्या कोपऱ्यात येते, भुवया जवळ येतात. एक दाणा परातीत पडतो, दुसरा तोंडात जातो, आणि कुणी बघितलं का म्हणून ती वर बघते. त्या वर बघण्याचा फोटो तुम्हाला हवा असतो. तो मागून मिळत नाही, त्यासाठी बोट बटणावर ठेवून बसावं लागतं.

याचा अर्थ पोझ वाईट, असा नाही. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमराव सिंग (१८७० ते १९५४) यांनी आपल्या मुलींचे, अमृता आणि इंदिरा यांचे, वर्षानुवर्षं घरगुती फोटो काढले. त्यांत वेगवेगळे पोशाख घालून दिलेल्या पोझ भरपूर आहेत. पण मुलींना नटण्यात रस आहे हे त्या फोटोंत दिसतं. तुमच्या मुलाला पोलिसाची टोपी घालून सलाम करायचा असेल तर तोही त्याचाच खेळ आहे, काढा तो फोटो. ते ‘नको’ म्हणालं तर मोबाइल खिशात. हे पाळलंत तर पुढच्या वेळी ते पळून जाणार नाही.

चेहऱ्यावरचे भाव झटकन बदलतात, त्यामुळे एक फोटो काढून थांबू नका. सलग फोटो घ्यायची सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते. काहींत बटण दाबून धरायचं, काहींत ते बाजूला किंवा खाली ओढायचं. आपल्या मोबाइलमध्ये कसं आहे ते आजच बघून ठेवा. मात्र रात्री बसून त्यातला एक ठेवा आणि उरलेले पुसा. एकसारखे तीसच्या तीस ठेवले की पुढे कुणीच बघत नाही, आणि छापायचं म्हटलं की निवडणाऱ्याचा जीव दमतो.

८. फोकस आणि उजेड हाताने ठरवा: बोरनहाणाचं उदाहरण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत सगळ्यात जास्त फसलेले बोरनहाणाचे असतात, आणि ते समजण्यासारखं आहे. काळं झबलं किंवा काळी चंद्रकळा, त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. संध्याकाळची वेळ, हॉलमध्ये ट्यूब. वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, गोळ्या ओततात ते दोन-तीन सेकंदांत संपतं, आणि लगेच आजूबाजूची पोरं लुटायला झेपावतात.

काळ्या कपड्यामुळे मोबाइलला वाटतं, अंधार आहे. तो सगळंच उजळवतो, आणि हलव्याच्या मुकुटाचे काटे पुसून एक पांढरा पट्टा उरतो. तो तपशील गेला की मला परत आणता येत नाही. थोडा काळा आलेला फोटो मात्र उजळता येतो. म्हणून पाटावर मूल बसलं की स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो. मग बाजूला दिसणारा सूर्याचा ठिपका किंचित खाली ओढा, हलव्याचे दाणे सुटे दिसेपर्यंत.

शक्य असेल तर कार्यक्रम संध्याकाळी चारला, बाल्कनीच्या दाराशी करा. बायकांना यायला तीही वेळ सोयीची पडते. जमिनीवर बसा, पाटाच्या समोर पाच-सहा फुटांवर. ओतणाऱ्या आजीला हात थोडे उंच आणि ओतणं हळू ठेवायला सांगा. पहिला चुरमुरा सुटण्याआधीच सलग फोटो सुरू करा आणि मूल डोळे मिटून, खांदे वर घेऊन आक्रसतं तिथपासून ते डोळे उघडून मांडीतलं बोर उचलतं तिथपर्यंत थांबू नका. सगळ्यांचं लक्ष ओतण्याकडे असतं, म्हणून तिथेच फोटो थांबवतात. चांगला फोटो बहुतेक वेळा त्यानंतरच्या पाच सेकंदांत असतो.

९. शटर स्वतः लावा

वरचं सगळं करूनही हललेले फोटो येत असतील तर कॅमेऱ्यातला प्रो मोड, म्हणजे शटर वगैरे हाताने लावायची सोय, उघडा. मोबाइलमध्ये तो नसेल तर तशी सोय देणारी अ‍ॅप मिळतात. बसून खेळणाऱ्या मुलाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्या, झोक्यावरच्या किंवा उड्या मारणाऱ्याला १/५०० किंवा अधिक. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ऑटोवर राहू द्या. फोटो थोडा दाणेदार आला तरी चालतो. दाणे छापताना फारसे दिसत नाहीत, हललेले डोळे दिसतात.

घरात आडवे पट्टे येत असतील तर वीज कारण आहे. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. म्हणजे धावत्या मुलाला हवं ते शटर अशा दिव्याखाली वापरताच येत नाही, हे लक्षात घ्या आणि पुन्हा खिडकीपाशी या. गणपतीतल्या आणि दिवाळीतल्या एलईडी माळांखाली हा त्रास हमखास होतो.

फ्रान्सच्या झाक लार्तिग (जन्म १८९४) याने शाळकरी वयातच घरच्या माणसांच्या उड्या, पळापळ, पडझड यांचे फोटो काढले होते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते मांडले. त्याच्या काळचे कॅमेरे आजच्या साध्या मोबाइलपुढे फार मंद होते. त्याने उड्या टिपल्या त्या उघड्यावर, भरपूर उजेडात. तुमच्या घरातलं आठ-नऊ वर्षांचं मूल मागत असेल तर त्याच्या हातीही अधूनमधून मोबाइल द्या; धाकट्या भावंडाच्या उंचीला ते आपोआप असतं.

१०. आता खर्चाचा विचार

इथपर्यंतचं सगळं महिनाभर करून बघा. तरीही घरातल्या संध्याकाळच्या उजेडात अडत असेल, तर नवा मोबाइल घेण्यापेक्षा वापरलेला, लेन्स बदलता येणारा साधा कॅमेरा (डीएसएलआर किंवा मिररलेस) आणि त्यावर ५० मिमी एफ/१.८ लेन्स हा पर्याय मला जास्त पटतो. एफपुढचा आकडा जितका लहान, तितका लेन्स जास्त उजेड आत घेते. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स पुढे ओढली की एफ/५.६ वर येते, एफ/१.८ तिच्यापेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते. म्हणजे जिथे १/३० मिळत होतं तिथे १/२५०. घेण्याआधी कुणाचा तरी मागून एक रविवार वापरा. ही लेन्स मुलापासून बरंच लांब उभं राहायला लावते, आणि वन-बीएचकेच्या हॉलमध्ये पाठ भिंतीला लागते. तसं होत असेल तर ३५ मिमी बघा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

काच पुसूनही एकाच जागी डाग, आत वाफ, फोकस लागताना सतत खरखर किंवा स्क्रीनवरचं चित्र थरथरतंय: लेन्सचं यंत्र बिघडलं आहे. बाइकच्या हँडलला मोबाइल लावणाऱ्यांच्या बाबतीत हे होऊ शकतं, कारण लेन्स स्थिर ठेवणारे भाग कंपनांनी खराब होतात. स्वतः उघडू नका, कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात न्या.

फोटो चुकून पुसले गेले: आधी ‘ट्रॅश’ बघा, तिथे ते काही दिवस राहतात. मेमरी कार्डावरचे गेले असतील तर त्या क्षणापासून त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका आणि ते फॉरमॅट करू नका. नवं लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं. कार्ड काढून डेटा परत मिळवणाऱ्या माणसाकडे द्या.

नवजात बाळ: हनुवटी हातांवर टेकवून झोपलेलं बाळ, झोळीत लटकलेलं बाळ असे फोटो बघून घरी प्रयोग करू नका. त्यांतले बरेचसे दोन-तीन फोटो जोडून केलेले असतात आणि प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात बाळाच्या डोक्याला आधार देत असतो. तो मागाहून पुसतात. तसा फोटो हवाच असेल तर नवजात बाळांचं काम करणारा फोटोग्राफर गाठा. ठरवण्याआधी विचारा: बाळाला कोण धरणार, खोली किती उबदार ठेवणार, बाळ रडलं किंवा दूध मागितलं तर थांबणार का? मानेला आधार न देता ‘एक मिनिट फक्त’ म्हणणाऱ्याकडून बाळ उचलून घ्या. घरी मात्र आईच्या मांडीवर, खिडकीपाशी, मूठ उघडताना-मिटताना भरपूर फोटो काढा.

घरचं कार्य: बारसं, मुंज, पहिला वाढदिवस असेल तर आई-वडिलांनी फोटोची जबाबदारी घेऊ नये. त्या दिवशी तुम्ही स्वतः फोटोत असायला हवं. फोटोग्राफर ठरवताना त्याचे निवडक दहा फोटो बघून हुरळू नका, एका कार्याचा पूर्ण अल्बम मागा. घरातल्या, बैठकीच्या उजेडात काढलेले पोरांचे फोटो त्यात कसे आहेत ते बघा. कच्चे फोटो मिळणार का आणि तुमच्या मुलांचे फोटो तो जाहिरातीला वापरणार का, हे आधी लिहून घ्या.